पादचारी व सायकल मार्गांचे जाळे

घरापासून शाळा, बाजार, दवाखाना, बसस्थानक किंवा फेरी धक्क्यापर्यंत चालत अथवा सायकलने जाताना वाट मध्येच तुटू नये आणि जीव मुठीत धरावा लागू नये, अशा बेताने एकमेकींना जोडलेल्या शहरातील वाटांची रचना. पदपथ, सायकल मार्गिका, झेब्रा क्रॉसिंग, गल्ल्या, पायऱ्या, खाडीकाठच्या वाटा आणि होडी-फेरीचे धक्केही त्यात येतात. सुटा पदपथ कितीही देखणा असला तरी त्याचे जाळे होत नाही. दोनशे मीटर छान फूटपाथ आणि पुढे वाट अडवून बसलेला ट्रान्सफॉर्मर असेल, तर म्हातारे माणूस पहिल्यापासूनच डांबरावरून चालते आणि व्हीलचेअरवरचे माणूस घराबाहेरच पडत नाही. म्हणून जाळ्याची परीक्षा त्याच्या सर्वांत वाईट तुकड्यावर करायची असते.

या विषयात नेदरलँड्सचा अनुभव सर्वांत मोठा. रस्त्यांवर मुलांचे मृत्यू वाढले तेव्हा, १९७०च्या दशकात, तिथे लोक रस्त्यावर उतरले आणि पुढे सायकल मार्गांच्या आखणीचे पाच निकष रूढ झाले : सलगता, थेटपणा, सुरक्षितता, सुखकरपणा आणि रमणीयता. चालणारा आणि सायकलवाला स्वतःच्या अंगच्या बळावर जातो, त्यामुळे लांबचा वळसा तो टाळतोच. त्याने चुकीच्या जागी रस्ता ओलांडला तर बहुधा क्रॉसिंग चुकीच्या जागी आखलेले असते. दुसरे सूत्र वेगाचे. गाड्या ताशी ३० किलोमीटरच्या आत चालत असतील तर सायकल त्यांच्यासोबत चालू शकते, वेगळ्या मार्गिकेची गरज नाही. वेगवान रस्त्यावर मात्र नुसता रंगाचा पट्टा पुरत नाही, मध्ये भक्कम आडोसा लागतो. ५० च्या वेगातल्या गाडीची गतिज ऊर्जा ३० च्या वेगाच्या जवळजवळ पावणेतीन पट असते. गल्लीबोळांतला वेग उतरवला, की पैसा मोजक्या मोठ्या रस्त्यांवर आणि चौकांवर लावता येतो.

भारतात २००६च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांची ने-आण हा नियोजनाचा पाया मानला. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शिकेनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. विजेचा खांब, झाडाचे आळे, फलक, उभी स्कूटर वजा जाता उरते ती रुंदी.

गोव्यात या विचाराला सर्वांत सोपे शहर पणजी. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीतली वस्ती ४०,०१७ होती. पाटोवरच्या कदंब बसस्थानकापासून मिरामारपर्यंत साधारण चार किलोमीटर, म्हणजे संथ सायकलने वीसेक मिनिटे, आणि मांडवी नदीच्या काठाने वाट जवळजवळ सपाट. जाळ्याचे बरेच धागे इथे आधीपासूनच आहेत. १६३३-३४ मध्ये बांधलेला पोंते द लिन्हारेस हा बांध-पूल आजही पणजी आणि रायबंदर जोडतो. फोंताइन्हास आणि मळा या जुन्या वस्त्यांतून आल्तिनोच्या टेकडीवर पायऱ्या चढतात. गाडीरस्ता वळसे घेत जातो, पायऱ्या सरळ वर नेतात. त्यांना दिवा, धरायला कठडा आणि कडेला सायकल ढकलत न्यायला अरुंद पन्हळ एवढे मिळाले तरी आल्तिनो शहराच्या जवळ येईल. पाटोजवळ ओरें खाडीत कांदळवनातून लाकडी वाट काढलेली आहे.

मांडवीपलीकडच्या बेतीला जाणारी फेरीबोट तर या जाळ्याचा तरंगता पूलच. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, आणि १९९२ मध्ये नवा पूल पुरा होईपर्यंत पलीकडे जाणाऱ्यांना फेरीबोटीचा मोठा आधार होता. चालत येणाऱ्याला या फेरीत भाडे पडत नाही. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नाही, त्यामुळे सायकलवाल्यासाठी फेरीचे मोल कायम आहे. मात्र धक्क्यावर उतरून रस्ता ओलांडायची वेळ आली की समोर वाहनांची रांग उभी असते. धागा तुटतो तो इथे.

चौक ही जाळ्यातली खरी गाठ. पाटो पुलाच्या तोंडाशी दिवजा सर्कलला बस, टॅक्सी, पायलट (मोटरसायकल टॅक्सी) आणि पर्वरीकडून उतरणाऱ्या गाड्या एकत्र येतात. बसस्थानकावरून शहरात चालत निघालेला माणूस तिथे गाड्यांमधली फट शोधत उभा राहतो. अशा जागी क्रॉसिंग पदपथाच्या पातळीला उचलणे, वळणाचा कोपरा आवळून गाडीला हळू व्हायला लावणे आणि मध्ये थांबायला सुरक्षित जागा ठेवणे हे उपाय जगभर वापरले जातात. मोठ्या पुलांच्या मानाने ते स्वस्तही पडतात. पादचाऱ्याला जिना चढायला लावणारे उड्डाण-पूल मी उपायांत धरत नाही.

आखणीपूर्वीच्या पाहणीत गाड्या मोजल्या जातात, माणसे बहुतेक सुटतात. शाळकरी मुले, कामाला निघालेल्या बाया, मासळी घेऊन बाजारात येणाऱ्या नुस्तेकान्नी यांच्या वाटा त्यांच्याबरोबर चालूनच कळतात. गोव्यात याहून जाणता गुरू म्हणजे पोदेर, दारोदार पाव विकणारा. पहाटे मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली बांबूची पाटी, हँडलला रबरी भोंगा, आणि पाव, पोयी घेऊन दारोदार जाणारी त्याची सायकल. कुठली गल्ली आरपार जाते, कुठल्या चढावर उतरून ढकलावे लागते, कुठे गटाराची जाळी चाकाच्या दिशेनेच बसवली आहे, हे सारे त्याला पाठ असते. जाळीच्या पट्ट्या वाटेला आडव्या असाव्यात, नाहीतर सायकलचे चाक आत रुतते. नकाशावर ही चूक दिसत नाही.

कोकण किनाऱ्याचा पाऊस हा वेगळा विचार. जून ते सप्टेंबर पेव्हरवर शेवाळ धरते, गुळगुळीत टाइल्स तर सरळ पाडतात. उतार, खडबडीत पृष्ठभाग आणि पाणी तुंबू न देणारी गटारे रुंदीइतकीच मोलाची. उन्हाळ्यात सावली लागते. पणजीतल्या कांपाल भागातली जुनी डेरेदार झाडे जिथे आहेत तिथे माणसे दुपारीही चालतात.

अडचणींमध्ये पार्किंग पहिली. पदपथावर चढलेली गाडी हटवल्याशिवाय कुठलीही आखणी टिकत नाही. दुसरी अडचण कारभाराची : रस्ता एका खात्याचा, पदपथ महापालिकेचा, खांब वीज खात्याचा, आणि वाहतूक पोलिसांकडे. पाणी किंवा मलनिस्सारणाची वाहिनी टाकायला चर खणला, की बुजवताना डांबर आधी होते आणि पदपथाच्या लाद्या मागे राहतात. त्या बसेपर्यंत तिथून जाणारी मुले रस्त्यावरून शाळेत जातात.