छर्रा वेगवान नको, सारखा हवा

पुतण्यानं एअर रायफल घेतली आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, सगळ्यात फास्ट जाणारे छर्रे कुठले? तेच घेऊया की." बेळगावच्या पोराला नेमबाजीची ओढ लागली तर नवल नाही. गावातच मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आणि शेजारचा कोल्हापूर जिल्हा तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे या नेमबाजांचा. पण त्याचा प्रश्न उलटा होता.

दहा मीटरच्या एअर रायफलीचा छर्रा शिशाचा, ४.५ मिलिमीटरचा, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाचा. आकार थेट डमरूचा. मागचा पोकळ घेर हवेच्या दाबानं फुगतो आणि नळीला घट्ट बसतो, म्हणून हवा बाजूनं निसटत नाही. नळीतल्या पिळामुळे तो गिरकी घेत बाहेर पडतो आणि मागचा घेर त्याला बॅडमिंटनच्या फुलासारखा सरळ ठेवतो. स्पर्धेच्या छर्ऱ्याचं डोकं सपाट असतं. त्यानं कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. वेग सेकंदाला साधारण १७५ मीटर, म्हणजे ऊर्जा आठेक ज्यूल. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवाई बंदुकीला आपल्याकडे परवाना लागत नाही.

डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. हा डोक्याचा व्यास. आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर काम केलेल्या माणसाला शंभरावा भाग मिलिमीटर म्हणजे दहा मायक्रॉन हे सांगावं लागत नाही. तिथे एवढ्यावरून जॉब, म्हणजे बनवलेला भाग, परत येतो. इथेही तसंच. तुमच्या नळीला कुठलं फिटिंग मानवेल हे दुकानदार सांगू शकत नाही, कंपनीही नाही. रायफल टेकवून प्रत्येक डब्यातले पाच-पाच छर्रे झाडायचे आणि भोकांचा घोळका मोजायचा. दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो, त्यामुळे घोळका किती लहान यावरच सगळं ठरतं.

काडतुसाच्या पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफलीकडे गेलं की हिशोब आणखी मजेशीर होतो. त्या काडतुसाच्या कडेतच पेटणारं मिश्रण भरलेलं असतं. कुठे थोडं जास्त, कुठे कमी पडलं की वेग बदलतो. ५० मीटर जायला गोळीला साधारण ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेग फक्त एक टक्का कमी-जास्त झाला, तरी गोळी अडीच मिलिमीटर वर-खाली लागते. तिथला दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा. चार टक्के फरक झाला की नेम अचूक असूनही गुण गेला.

मग वेगवान काडतूस का नको? डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर असतो. स्पर्धेच्या गोळ्या मुद्दाम त्याच्या आत, ३२०-३३० च्या आसपास ठेवतात. त्याहून वेगानं सुटलेली गोळी वाटेतच आवाजाच्या वेगाखाली उतरते, तिथे हवेचा विरोध फार आणि धक्केही. गंमत म्हणजे अशी गोळी वाऱ्यानं जास्त सरकते. वारा गोळीला ढकलतो तो एकूण वेळावर नव्हे, हवेच्या विरोधानं तिला झालेल्या उशिरावर. वेगवान गोळीला हा उशीरच जास्त होतो.

या काडतुसांना परवाना लागतो, आणि किती घ्यायची तेही त्यावर लिहिलेलं असतं. नळीवरचं काडतुसाच्या प्रकाराचं नाव आणि डब्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. इथे 'चालतंय की' चालत नाही. आपल्या रायफलीला मानवलेला लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेली खेप, सापडला की परवान्यात बसेल तेवढा त्याच क्रमांकाचा घ्यावा, कारण पुढचा लॉट त्याच कंपनीचा असूनही वेगळा वागू शकतो.

पुतण्याच्या रायफलीनं शेवटी ४.५१ चा मधल्या किमतीचा डबा पसंत केला. महागडा डबा मागे पडला. आता त्याला दोनच गोष्टी बजावल्यात. शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खायच्या कुंद्याला, आपल्या बेळगावी मिठाईला, हात लावायचा नाही. आणि डबा घट्ट बंद ठेवायचा, कारण आपल्या पावसात शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि दहा मायक्रॉनचं सगळं गणित तिथेच बिघडतं.