सीपीकेचा आकडा आला कुठून?

चाकण असो वा भोसरी, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून नवा पार्ट मंजुरीला जायचा म्हटलं की पीपॅपच्या, म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीसाठी द्यायच्या कागदपत्रांच्या, फाइलमध्ये सीपीके किंवा पीपीके लिहावाच लागतो. मापांतला फरक ठरलेल्या मर्यादांत किती आरामात बसतो, म्हणजेच प्रक्रियेची क्षमता किती, हे सांगणारा हा आकडा. १.६७ च्या वर असला तर सगळे खूश, १.३३ च्या खाली गेला की ग्राहकाला कारणं आणि उपाय लिहून द्यायचे. गंमत म्हणजे प्रक्रियाक्षमतेचा विचार सुरू झाला तेव्हा त्यात असा एकही आकडा नव्हता.

१६ मे १९२४ रोजी टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीतल्या वॉल्टर शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक पानभर टिपण दिलं. कंट्रोल चार्टचं, म्हणजे वेळोवेळी घेतलेली मापं नियंत्रण रेषांच्या मध्ये मांडणाऱ्या आलेखाचं, पहिलं चित्र त्यात होतं. टेलिफोनच्या सामानात फरक पडतोच. पण त्यातला कुठला प्रक्रियेत मुरलेला आणि कुठल्याचं कारण शोधून काढता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. याच कंपनीच्या १९५६ च्या हँडबुकात प्रक्रियाक्षमतेच्या अभ्यासावर भरपूर मजकूर आहे. चार्ट लावा, बिघाडाची कारणं शोधून काढून टाका, प्रक्रिया स्थिर झाल्यावर जो फरक उरेल ती तिची क्षमता. हे काम चिकाटीचं होतं आणि मशीनपाशी उभं राहूनच करायचं होतं. दरम्यान, १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या आमंत्रणावरून शूहार्ट भारतातही येऊन गेले होते. पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेने कारखान्यांसाठी संख्याशास्त्रीय गुणनियंत्रणाची केंद्रं काढली, त्यांत मुंबईचंही होतं.

अभ्यासाचा निष्कर्ष एका गुणोत्तरात मांडायची पद्धत रुळली ती गुणवत्तातज्ज्ञ जुरान यांच्या हँडबुकाच्या १९७४ च्या आवृत्तीपासून: टॉलरन्सची, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाची, पूर्ण रुंदी भागिले सहा सिग्मा (सिग्मा म्हणजे मापं सरासरीभोवती किती विखुरली आहेत त्याचं मान), म्हणजेच सीपी. यात एक मोठी फट होती. समजा शाफ्टचा व्यास २५ मिमी, टॉलरन्स दोन्ही बाजूंना ०.०३ आणि सिग्मा ०.००५. सीपी येतो २, म्हणजे झकास. पण सेटिंग सरकून सरासरी २५.०१५ वर गेली तरी सीपी २ च राहतो! जपानी कारखान्यांत वापरला जाणारा सीपीके मात्र सरासरीपासून जवळच्या मर्यादेपर्यंतचं अंतर तीन सिग्माने भागतो, आणि इथे तो १ वर उतरतो.

जपानी गाड्यांनी बाजार खाल्ल्यावर अमेरिकी कंपन्या जाग्या झाल्या. फोर्डने गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांना बोलावलं आणि पुरवठादारांकडे कंट्रोल चार्टचा आग्रह धरला. फोर्डमधल्याच व्हिक्टर केन यांच्या १९८६ च्या लेखाने हे निर्देशांक सर्वतोमुखी झाले. माझ्या मते खरं वळण इथेच आहे. मशीनवरच्या माणसाने स्वतःसाठी काढायचा निष्कर्ष आता खरेदी विभागाला पाठवायचा पुरावा झाला. पुरावा मागितला की तो तयार होतो, चार्ट स्थिर असो वा नसो. १९८९ मध्ये बर्ट गंटर यांनी सीपीकेच्या गैरवापरावर लेखमालाच लिहिली.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांची एसपीसीवरची, म्हणजे संख्याशास्त्रीय प्रक्रिया नियंत्रणावरची, संयुक्त पुस्तिका आली. तिच्यात पीपी आणि पीपीके होते. सूत्रं तीच, फक्त सिग्मा वेगळा: सीपीकेत तो लागोपाठच्या नगांच्या छोट्या गटांच्या आतल्या फरकावरून काढायचा, पीपीकेत सगळी रीडिंग एकत्र घेऊन. टूल झिजलं, शिफ्ट बदलली, मालाचा लॉट बदलला, की त्याचा परिणाम पीपीकेत उतरतो. हिशोब म्हणून हे ठीकच आहे. पण डग्लस माँटगोमेरींसारख्या संख्याशास्त्रज्ञांनी याला चक्क मागे टाकलेलं पाऊल म्हटलं. प्रक्रिया स्थिर नसेल तर आजच्या पीपीकेवरून उद्याच्या मालाबद्दल काय सांगणार? हा आक्षेप मला पटतो.

आणखी एक गोष्ट रिपोर्टात सहसा दिसत नाही. प्रक्रिया अगदी स्थिर असली, तरी ३० नगांवरून काढलेला १.३३ हा अंदाजच असतो. ९५ टक्के विश्वासाने बोलायचं तर खरा सीपीके साधारण १ ते १.७ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. फॉर्मवर मात्र दशांशानंतर दोन अंक लिहिले जातात आणि शेजारी नगांची संख्या असलीच, तर बारीक अक्षरात.