सिनेमाचा आवाज आणि गेमचा आवाज

लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूट असल्यामुळे पुण्यात साउंड डिझाइन म्हटलं की आधी सिनेमाच आठवतो. गेममध्येही माइक, रेकॉर्डर, एडिटिंगचं सॉफ्टवेअर बहुतेक तेच. फरक एवढाच की सिनेमात कुठल्या फ्रेमला काय वाजणार हे ठरलेलं असतं. गेममध्ये ते खेळणारा ठरवतो.

ढोल-ताशाचंच घ्या. दोन मिनिटांच्या मिरवणुकीसाठी सिनेमावाला नदीकाठच्या सरावात एक लांब टेक घेईल, कटांना जुळवेल, गल्लीचा घुमारा चढवेल आणि मोकळा होईल. गेममध्ये खेळणारा तिथे वीस सेकंद थांबेल नाहीतर वीस मिनिटं. म्हणून तोच ठेका फिरून फिरून वाजणारा (लूप) लागतो आणि मिरवणूक जवळ येईल तसा बदलावा म्हणून तीन थरांत: नुसता ढोल, ढोल-ताशा आणि पूर्ण पथक. तिन्हींची लय, लांबी तंतोतंत एक हवी. मिनिटाला १२० ठोके आणि चार ठोक्यांचं आवर्तन धरलं तर आठ आवर्तनांचे १६ सेकंद, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला (आवाजाच्या सेकंदाला ४८,००० नोंदी) ७,६८,००० सॅम्पल. पथकाची लय रंगात आली की चढतेच, त्यामुळे वाजवणाऱ्याच्या कानात क्लिक (लयीची टिकटिक) द्यावाच लागतो. शेवटच्या ठोक्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) तिथेच कापली तर दर फेरीला आवाज तुटतो. ती लूपच्या सुरुवातीवर मिसळायची. लूप एमपीथ्रीत ठेवू नये. ते एन्कोडिंग फाइलच्या टोकांना थोडी शांतता जोडतं आणि ठेक्यात खाच पडते. वेव्ह किंवा ऑग बरं.

सिनेमातून आलेल्यांची हमखास चूक म्हणजे घुमाऱ्यासकट फाइल देणं. खेळणारा बोळातून वाड्याच्या चौकात शिरला तरी बोळच ऐकू येत राहतो. फाइल कोरडी द्यावी, जागेचा घुमारा इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) लावेल. ज्याची दिशा कळायला हवी तो आवाज मोनोच (एकाच चॅनेलचा) हवा.

पावलांचा आवाज सिनेमात फोली कलाकार (हालचालींचे आवाज स्टुडिओत करणारा) पडदा बघत देतो. गेममध्ये शहाबादी फरशी, माती, डांबर, प्रत्येकावर चालणं आणि धावणं, दर प्रकाराचे किमान सहा नमुने: ३६ फाइली. लागोपाठ तोच नमुना वाजू द्यायचा नाही आणि दर वेळी पट्टी, पातळी किंचित हलवायची. नाहीतर पावलं टाइपरायटरसारखी वाजतात.

आणखी एक कटकट सिनेमात नसतेच. युनिटी या गेम इंजिनात सेटिंग बदललं नाही तर एका वेळी ३२ आवाजच खरे वाजतात. चाळीस ढोलवाल्यांना एकेक आवाज दिलात तर नेमका संवाद गायब होऊ शकतो. संवादाला प्राधान्य ० द्यावं (तिथे लहान आकडा म्हणजे मोठा मान) आणि लांबच्या ढोलांचा एकच आवाज करावा.

काम मागायला जाताना सिनेमासाठी दोन मिनिटांची शोरील (कामाच्या नमुन्यांचा व्हिडिओ) पुरते. गेमसाठी एफमॉड किंवा वाइज या गेमच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधलेला छोटा प्रोजेक्ट दाखवा. शिकण्यापुरती दोन्ही फुकट मिळतात. मिरवणूक जवळ आली की थर कसे बदलतात, हे स्क्रीन रेकॉर्ड करून सोबत जोडा. दुसऱ्याच्या ट्रेलरवर आवाज चढवून पाठवला तर तुम्हाला सिनेमाचं काम येतं एवढंच कळतं.