फाफेच्या आधी आणि फाफेच्या नंतर: मराठी कुमार कादंबरीची मागची गोष्ट

साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांची मराठी यादी अलीकडे बघितली तर एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते, कादंबऱ्या परत यायला लागल्यात. २०१७ ला ल. म. कडूंची ‘खारीच्या वाटा’, २०१९ ला सलीम सरदार मुल्लांची ‘जंगल खजिन्याचा शोध’, २०२२ ला संगीता बर्वेंची ‘पियूची वही’, २०२४ ला भारत सासणेंची ‘समशेर आणि भूतबंगला’. साधारण नऊ ते तेरा-चौदाच्या मुलांची ही पुस्तकं, म्हणजे ज्यांना चित्रांची पुस्तकं आता लहान मुलांची वाटतात आणि मोठ्यांची कादंबरी अजून झेपत नाही ती मुलं. या वयासाठी मराठीत काही नवीन येतच नाही असं आपण इतकी वर्षं म्हणत आलोय की ही यादी बघून मला खरंच आनंद झाला. पण हे आभाळातून पडलेलं नाही, मागे बराच इतिहास आहे.

सुरुवात थेट तंजावरला जाते. तिथल्या सरफोजीराजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, ‘बालबोध मुक्तावली’ नावाने. मग १८२८ मध्ये मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांनी ‘इसापनीति’ आणि ‘बाळमित्र’ काढली. सगळा मामला भाषांतराचा आणि बोधाचा, मुलानं शहाणं व्हावं यासाठी गोष्ट. १८८१ ला विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ मासिक आलं, १९०६ ला वा. गो. आपट्यांचं ‘आनंद’, आणि इथून खरा बदल सुरू झाला असं मला वाटतं, कारण पुस्तक एकदा वाचून संपतं पण मासिकाची वाट बघावी लागते. मुलांना पुढच्या अंकाची सवय लागली आणि मराठीतली मुलांची लांब गोष्ट याच सवयीवर वाढली.

‘श्यामची आई’ही हप्त्याहप्त्यानेच सांगितलीय, बघा. साने गुरुजींनी ती फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहिली, १९३५ ला ती छापून आली, आणि तिच्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमातल्या मुलांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. हे पुस्तक फक्त रडवणारं म्हणून लक्षात राहिलंय, पण आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हटून बसतो, आईला तिचे ओचे धोंडीवर पसरायला लावतो आणि त्यावर पाय टेकवतो, तो प्रसंग परत वाचा. हट्टी, नकटं नाक वर करणारं खरंखुरं पोर आहे ते. बोध आहेच, पण तो या पोराच्या मागून येतो, पुढे चालत नाही. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ही असाच, अनाथ पोर एका घरात येतं आणि त्या घराचंच होऊन जातं.

आणि मग भा. रा. भागवत. यांच्याबद्दल लिहायला बसलं की थांबवत नाही. १९४७ मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ मासिक काढलं, ते काही फार वर्षं चाललं नाही, पण माणसाने पाठ सोडली नाही. ज्यूल व्हर्न मराठीत आणला, ‘चंद्रावर स्वारी’सारखी पुस्तकं अशी लिहिली की भाषांतर वाचतोय हे पोरांच्या लक्षातही येऊ नये. बिपिन बुकलवार नावाचा पुस्तकवेडा पोरगा उभा केला. आणि फुरसुंगीचा बनेश फेणे, ऊर्फ फास्टर फेणे, ऊर्फ फाफे. हडकुळा, सायकलवर सुसाट, काही सुचलं किंवा धक्का बसला की ‘टॉक्क’. त्याच्याकडे ना पैसा ना जादू, फक्त चौकसपणा आणि पाय, आणि तो पुण्याच्या विद्याभवन शाळेतून निघून प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत कुठेही पोचतो. पुस्तकं तब्बल वीस! माझ्या मते भागवतांचं मोठं काम हेच की मोठ्या माणसांना त्यांनी गोष्टीच्या कडेला बसवलं. संकट मुलाचं, अक्कल मुलाची, चूक झाली तर तीही मुलाचीच. आज जगभर या वयाच्या कादंबरीत हेच मुख्य धरतात.

याच काळात सरकारी बाजूने एक फार चांगली गोष्ट झाली, नोव्हेंबर १९७१ ला बालभारतीने ‘किशोर’ सुरू केलं. पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेने मासिक काढायचं म्हटल्यावर ते कोरडं होईल अशी भीती कुणालाही वाटली असती, पण तसं झालं नाही, मोठमोठ्या लेखकांनी तिथे मुलांसाठी लिहिलं, चित्रकारांनी जीव ओतला, आणि किंमत कमी असल्यामुळे ते गावातल्या शाळांपर्यंत गेलं, जिथे पुस्तकाचं दुकानच नसतं. जुने अंक आता नेटवर फुकट वाचायला आहेत, घरात या वयाचं मूल असेल तर जरूर उघडा. ‘चांदोबा’ तर मराठीत १९५२ पासूनच होता, विक्रम-वेताळ घेऊन.

रेडिओ आणि टीव्हीने या नायकांना मारलं असं म्हणतात, मला ते पटत नाही. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आधी आकाशवाणीवर आला आणि मग पुस्तकात गेला, २०११ ला त्यालाच अकादमीचा पुरस्कार मिळाला. गोट्या आणि फाफे दूरदर्शनच्या मालिकांमुळे नव्या पिढीला कळले. खरी ओहोटी त्यानंतरची. इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या, एकेक मासिक बंद पडत गेलं, चांदोबाही गेला, आणि नवीन लांब गोष्ट छापायला जागाच उरली नाही. त्या काळात पोकळी भरली ती भाषांतरांनी, हॅरी पॉटर मराठीत आला, अशोक जैनांनी सत्यजित रायांचा गुप्तहेर फेलूदा मराठीत आणला (तो फार सुंदर आहे, मिळाला तर सोडू नका). पण आपला स्वतःचा नवा पोरगा किंवा पोरगी कुठे होती? २०१७ मध्ये फाफेवर सिनेमा निघाला तेव्हा पडद्यावरचा फाफे शाळकरी राहिलाच नव्हता, थेट मेडिकलच्या प्रवेशाच्या वयाचा झाला होता. सिनेमा मला आवडला, आणि त्यात भा. रा. भागवतांची भूमिका बोक्याच्या लेखकाने, प्रभावळकरांनीच केली हे बघून तर फारच छान वाटलं, पण शाळकरी फाफेसाठी थिएटरमध्ये माणसं येतील असा भरवसा कुणाला वाटला नसावा याचं वाईटही वाटलं.

पुन्हा हालचाल झाली ती पुन्हा अंकांमधूनच. ‘साधना’ने २००८ पासून बालकुमार दिवाळी अंक काढायला घेतला, २०१३ ला ‘वयम्’ सुरू झालं, ‘किशोर’ चालूच होतं. या वयासाठी लिहिलेलं छापून येईल एवढी खात्री लेखकांना परत मिळाली आणि त्या आगेमागेच वर सांगितलेल्या कादंबऱ्या आल्यात.

त्यांच्यात मला सगळ्यात आवडलेला बदल म्हणजे गोष्ट कुठे घडते. ‘खारीच्या वाटा’मध्ये धरणाखाली जाणारं गाव आहे, आणि ते त्या गावातल्या मुलाच्या नजरेतून, शहरातून आलेल्या पाहुण्याच्या नाही. मुल्ला स्वतः वनखात्यात वनरक्षक, त्यामुळे त्यांच्या जंगलात झाडाला नाव असतं, पायवाट कुठून फुटते ते त्यांना माहीत असतं. ‘पियूची वही’ तर सुट्टीतल्या मुलीच्या डायरीसारखीच लिहिलीय, आणि या सगळ्या परंपरेत मुली कडेकडेनेच होत्या, म्हणून ती मला जास्तच महत्त्वाची वाटते. सासणेंनी मात्र सरळ रहस्यकथेचा रस्ता धरला. साहित्य संमेलनाचा अध्यक्ष राहिलेला लेखक मुलांसाठी भूतबंगला लिहितो ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

कमी आहे ती मालिकेची. एक पुस्तक आवडलं की दहा वर्षांचं मूल लगेच विचारतं, पुढचं कुठंय, आणि फाफेनंतर आणि बोक्यानंतर या प्रश्नाला मराठीत आपल्याकडे फारसं उत्तर नाही. एकच नायक घेऊन आठ-दहा पुस्तकं लिहायची तर लेखकाला वर्षानुवर्षं तेच काम करावं लागतं आणि प्रकाशकाला पहिल्या दोन भागांचा तोटा सोसावा लागतो, पूर्वी हे ओझं मासिकं उचलायची. आता ते कोण उचलणार हे ठरायचं आहे.