नाशिकमधील कामगारजीवन व स्थलांतरितांच्या वसाहती

विसाव्या शतकात नाशिकभोवती कारखाने उभे राहिले आणि त्यांत कामाला लागलेल्या, बहुधा बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांची राहणी, दिनक्रम, सणवार व नातेसंबंध यांत मोठे बदल झाले. त्या बदलांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. मुंबईच्या गिरणगावात गिरणी, चाळ व बाजार एकाच परिसरात होते. नाशिकमध्ये मात्र उद्योग गोदाकाठच्या जुन्या गावाला वळसा घालून नाशिकरोड, सातपूर, अंबड, ओझर व सिन्नर अशा परस्परांपासून तुटक ठिकाणी आले. येथील कामगाराच्या जीवनाला आकार देण्यात यंत्राइतकाच या अंतराचाही वाटा आहे.

नाशिकच्या औद्योगिकीकरणाचा आरंभ कोठून मानावा याविषयी मतभेद आहेत. एक मत रेल्वेकडे बोट दाखविते. १८६५ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचला. घाटात गाडीला जोडावी लागणारी जादा इंजिने व त्यांची देखभाल यांमुळे इगतपुरी हे रेल्वे कामगारांचे गाव बनले, आणि घड्याळावर चालणारी कामाची पाळी जिल्ह्यात प्रथम तेथे दिसली असे म्हणावयास जागा आहे. परंतु नाशिकचे स्थानक गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर पडले. हे अंतर सांधण्यासाठी १८८९ साली जुन्या नगरपालिका इमारतीपासून स्थानकापर्यंत ट्राम सुरू झाली. प्रारंभी ती घोडे ओढीत असत. तोटा वाढत गेल्याने ती १९३१ ते १९३३ च्या दरम्यान बंद पडली. ट्रामची बहुतांश वर्दळ यात्रेकरू व व्यापारी यांची होती. तिला औद्योगिक काळाची खूण मानणे त्यामुळे अवघड जाते.

दुसरे मत १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले तेथून गणना करते. सातपूर व पुढे अंबड येथील औद्योगिक वसाहतींचा विस्तार पाहता हे मत सोयीचे आहे. मात्र त्यात नाशिकरोडची सुमारे चार दशके गळून पडतात. नियमित वेतन, सेवानिवृत्ती, निवासस्थान व संघटना यांसह जगणारा कामगारवर्ग नाशिकमध्ये प्रथम सरकारी मुद्रणालयांनी घडविला, हे तिसरे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळणारे दिसते.

भारताची टपाल तिकिटे पूर्वी लंडनच्या डी ला रू कंपनीकडून व चलनी नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून छापून येत. हे काम देशात आणण्याच्या निर्णयानुसार १९२४-२५ च्या सुमारास नाशिकरोड येथे इंडिया सिक्युरिटी प्रेसची उभारणी झाली, आणि १९२८ पासून करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा छापल्या जाऊ लागल्या. पाच रुपयांची नोट त्यांतील पहिली होय. नाशिकच्या निवडीमागे मुंबईशी असलेला थेट रेल्वेसंबंध व मानवणारे हवामान ही कारणे सामान्यतः सांगितली जातात. कागद दमट हवेत फुगतो व कोरड्या हवेत आकसतो. एकाच कागदावर अनेक वेळा छपाई करताना रंगांची जुळणी त्यामुळे बिघडते, म्हणून हवामानाचे कारण दुय्यम समजू नये. सुरक्षा-मुद्रणात प्रत्येक कागदाचा, खराब झालेल्या कागदाचाही, हिशेब द्यावा लागतो. दारावरची झडती, मोजणी पूर्ण होईपर्यंत विभाग न सोडण्याची शिस्त आणि कामाविषयी घरीही न बोलण्याची सवय ही प्रेस कामगारांच्या जीवनाची अंगे झाली. गावातील तांबट आळीत घराच्या ओसरीतच भट्टी व ठोकणी चाले, तेथे काम व संसार यांच्यामध्ये भिंत नव्हती. प्रेसमध्ये ही भिंत प्रत्यक्ष, उंच व पहाऱ्याची होती, आणि या बदलाचे महत्त्व पगाराच्या वाढीपेक्षा कमी नाही.

प्रेसच्या नोकरीबरोबर निवासी वसाहतीही आल्या. नाशिकरोडचे नेहरूनगर तसेच भारत सरकारच्या दुसऱ्या मुद्रणालयाभोवतीचे गांधीनगर येथे शाळा, मैदान, दवाखाना व सभागृह यांसह आखीव वस्ती उभी राहिली. शेजार जातीवर वा गावावर न ठरता वेतनश्रेणीवर ठरू लागला. गांधीनगरमध्ये उत्तर भारतीय कर्मचाऱ्यांनी रुजविलेली रामलीला पुढे मराठी कुटुंबांचाही दसऱ्याचा कार्यक्रम बनली. ओझर येथे १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना आला. त्याच्या वसाहतीनेही द्राक्ष व कांद्याच्या शिवारात वेगवेगळ्या प्रांतांतील कुशल कारागिरांना एकत्र आणले.

मुंबईतील उद्योगांची दाटी कमी करण्याच्या राज्याच्या धोरणाचा, विशेषतः १९६४ पासूनच्या प्रोत्साहन योजनांचा, लाभ नाशिकला मिळाला. सातपूर व अंबड येथे मोटारींचे सुटे भाग, वाहने, टायर, विद्युत उपकरणे व औषधे यांचे कारखाने आले, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली लहान वर्कशॉप गाळ्यागाळ्यांतून वाढली. जमिनी गेलेल्या गावांतील काही कुटुंबांनी मोबदल्यातून गावठाणात खोल्या बांधल्या. काल शेतकरी असलेला माणूस आज घरमालक झाला आणि खानदेशातून आलेला तरुण त्याचा भाडेकरू. एका खोलीत चार-पाच जण, पाळ्या वेगळ्या असल्याने एकाच अंथरुणावर आळीपाळीने झोप आणि खानावळीचा मासिक डबा, अशी सुरुवातीची वर्षे अनेकांनी काढली. नोकरी कायम झाल्यावर लग्न, आणि लग्नानंतर गावाकडून धाकटा भाऊ किंवा मेहुणा बोलावून घेणे हा क्रम इतका सर्वसाधारण होता की स्थलांतराचे खरे साधन जाहिरात नसून नाते होते, असेच म्हणावे लागते.

सिडको या राज्याच्या नगरनियोजन महामंडळाने १९७० च्या दशकात हाती घेतलेल्या नवीन नाशिक प्रकल्पाने या भाडेकरूला घरमालक केले. सहा योजनांत मिळून सुमारे २५ हजार घरे बांधली गेली. त्यांतील बरीचशी अल्प उत्पन्न गटासाठी, हप्त्यांवर व आकाराने लहान होती. कुटुंब वाढले तसे मालकांनी त्यांवर मजले चढविले. पुढे अंगण मिटले व गल्ली अरुंद झाली. या वाढीव बांधकामांकडे केवळ नियमभंग म्हणून पाहणे अपुरे आहे. कामगाराने बोनस, सोसायटीचे कर्ज व भविष्यनिर्वाह निधीतील उचल यांचा संसारासाठी काय उपयोग केला, हे त्यांतून सर्वांत स्पष्ट दिसते.

नवीन नाशिकच्या उत्तमनगर, पवननगर, त्रिमूर्ती चौक या भागांत व सातपूरमध्ये जळगाव, धुळे व नंदुरबारकडील कुटुंबांची वस्ती दाट आहे. घरात अहिराणी, कारखान्यात प्रमाण मराठी किंवा हिंदी, अशी भाषांची विभागणी तेथे ऐकू येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई या खानदेशी लोकदेवीची स्थापना व दुसऱ्या दिवशी विसर्जन होते. रोटांचा, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचा, हा उत्सव भाऊबंदांच्या एकत्र स्वयंपाकाचा आहे. गावी तो वाड्यात होई, येथे तो गच्चीवर व गल्लीतल्या मांडवात होऊ लागला, आणि भाऊबंद दूर असल्यास शेजारी त्यांची जागा घेऊ लागले. बिहार व उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांनी गोदाघाटावर छठपूजा सुरू केली. नदीचे तीर्थ म्हणून असलेले स्थान अशा रीतीने नव्या लोकांपर्यंतही पोहोचले.

दिनक्रमावर सर्वांत खोल ठसा पाळीचा होता. पहिली, दुसरी व रात्रपाळी आठवड्यागणिक फिरत असल्याने घरातील स्वयंपाक, पाणी भरणे व मुलांचा अभ्यास त्याप्रमाणे हलवावा लागे. रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा झोपला की एका खोलीच्या घरात सर्वांनी दबक्या आवाजात वावरावयाचे, हा भार प्रामुख्याने स्त्रीवर पडला. विजेची मागणी विभागण्यासाठी अनेक औद्योगिक क्षेत्रांत साप्ताहिक सुटी रविवारऐवजी दुसऱ्या वारी ठेवली गेल्याने बाप घरी तेव्हा मुले शाळेत, असेही होई. संघटनांचे काम पाळी सुटल्यावरच्या द्वारसभांमधून चाले. प्रेसमधील मजदूर संघ आणि सातपूर-अंबडमधील सीटू ही कामगार संघटना यांनी वेतनकरारांबरोबर रेशन, घरपट्टी व शाळाप्रवेश हे प्रश्नही हाताळले. १९४८ च्या कायद्यानुसार आलेली कामगार विमा योजना आणि १९५३ च्या कायद्यानंतर उभी राहिलेली कामगार कल्याण केंद्रे यांनी उपचार, शिवणवर्ग, वाचनालय व नाट्यस्पर्धा कामगार कुटुंबांच्या आवाक्यात आणल्या.

नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि आसपासची खेडी मिळून १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. शहराची लोकसंख्या २००१ मध्ये १०,७७,२३६ व २०११ मध्ये १४,८६,०५३ होती. मनमाड-मुंबई पंचवटी एक्सप्रेसने १९७५ पासून मुंबईत नोकरी व नाशिकमध्ये घर ठेवणाऱ्या पासधारकांचा आणखी एक वर्ग घडविला.

१९९१ नंतर कायम नोकऱ्यांची भरती मंदावली व कंत्राटी पद्धत वाढली. एकाच यंत्रावर एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकास वेतनकरारानुसार वेतन व दुसऱ्यास ठेकेदार देईल ते, असा भेद रूढ झाला. आधीच्या पिढीने नोकरीच्या बळावर सिडकोचे घर घेतले होते. तेवढ्याच कष्टात आजच्या कंत्राटी कामगारास तसे घर मिळत नाही. मे २०२० च्या टाळेबंदीत त्याची असुरक्षितता उघडी पडली. मुंबई-आग्रा महामार्गाने पायी निघालेले मजूर नाशिकमार्गेच उत्तरेकडे जात होते, आणि श्रमिकांसाठी सोडलेल्या देशातील पहिल्या गाड्यांत नाशिकरोडहून भोपाळ व लखनौकडे गेलेल्या गाड्यांचा समावेश होता.

कारखान्याच्या हजेरीपटाबाहेरील श्रमिकांची नोंद तुलनेने विरळ आहे. सिन्नर परिसरात स्त्रिया घरी विड्या वळीत. पाने भिजवणे, कातरणे व हजारी मोजून देणे यांत लहान मुलीही गुंतत. मजुरी नगावर मिळे व कमी प्रतीची म्हणून विड्या बाजूला काढल्या जात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार म्हणून मान्यता दिली. सुरगाणा, पेठ व त्र्यंबक तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे भाताची कापणी उरकल्यावर द्राक्षबागांत व शहरातील बांधकामांवर येतात. गिरणारे येथे सकाळी भरणाऱ्या मजूर बाजारात त्यांची रोजंदारी ठरते, आणि पाऊस लागला की ती पुन्हा गावी परततात.