कलर मोठा की सिक्वेन्स?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबांची बहीण माहेरी आली, सोबत पुण्याचा भाचा. खान्देशात आखाजीला बायका झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर, ही जुनी वाटणी. निंबाखाली तीनपत्ती बसली. भाच्याने किलवरची तीन पानं, म्हणजे एकाच रंगाचा कलर, खाली मांडून पैशांवर हात ठेवला. आबांनी शांतपणे पाच-सहा-सात दाखवले, ओळीतली पानं, म्हणजे सिक्वेन्स.

"मामा, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो!"

आबा म्हणाले, "तुना नियम आठे नही चालस." तुझा नियम इथे चालत नाही.

दोघंही बरोबर. दुर्मीळ हात मोठा, हेच तत्त्व दोन्ही खेळांत आहे. क्रम उलटतो तो पानांच्या संख्येमुळे.

52 पानांतून तीन पानांचे 22,100 हात होतात. एका रंगाच्या 13 पानांतून 3 निवडायचे 286 प्रकार. चार रंगांचे 1,144. सिक्वेन्सच्या ओळी 12, एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत. ओळीतलं प्रत्येक पान चारपैकी कुठल्याही रंगाचं चालतं, म्हणून 12×4×4×4 = 768. दोन्हीत आलेले 48 प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाच्या ओळी, काढले की कलर 1,096, सिक्वेन्स 720. आबा जिंकले.

आता पोकरची पाच पानं घ्या. ओळी 10च उरतात, पण वाढलेलं प्रत्येक पान चारने गुणतं: 10×1,024 = 10,240. कलर मात्र 13 पानांच्या कुंपणातच निवडायचा; 1,287×4 = 5,148. सिक्वेन्स तेरापटीहून जास्त फुगला, कलर साडेचारपटच. सामाईक 40 वजा केले तरी कलरचे हात सिक्वेन्सच्या साधारण निम्मेच. मला या गणिताचं भारी कौतुक आहे.

पोकरच्या होल्डेम प्रकारात हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. त्यांतली उत्तम पाच धरायची. प्रत्येक फेरीत पैसे भरा, वाढवा किंवा पानं टाकून डाव सोडा. समजा, शेवटचं पान यायचंय आणि हातातली आणि टेबलावरची मिळून तुमच्याकडे एका रंगाची चार आहेत. न दिसलेल्या 46 पानांत त्या रंगाची 9, म्हणजे साधारण पाचात एकदा कलर लागेल. मध्ये 100 रुपये पडलेत आणि तुम्हाला 20 भरायचेत, तर सहात एकदा जिंकलं तरी मुद्दल निघतं. भरा. 50 भरायचे असते तर तिनात एकदा जिंकावं लागलं असतं.

यात 'जागा बदलली की पान फिरतं' हे कुठेच बसत नाही. निंबाखाली मात्र इतर दोघांनी दिशा बघून बैठक बदलली होती, आणि ते दोघंही हरले.

एक गोची राहिलीच. प्युअर सिक्वेन्स 48, ट्रेल (तीन राजे, तीन दुर्र्या अशी तीन सारखी पानं) 52. दुर्मीळ प्युअर सिक्वेन्स, तरी तीनपत्तीत ट्रेलच वर. हे मी आबांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॅट भाच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "पिस."