सिग्नल हिरवा झाला तरी रांग वाढतेच: महामार्गाच्या उतारावरचं गणित

महामार्गावर मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी रास्ता रोको होतो, आणि मागणी बहुतेक ठरलेली असते: चौफुलीवर सिग्नल बसवा, नाहीतर गतिरोधक टाका. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे नवं नाही. त्या मागणीमागचं दुःख खरं आहे. पण महामार्गावरून खाली उतरणाऱ्या रस्त्याच्या टोकाला सिग्नल बसवणं आणि गावातल्या चौकात सिग्नल बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत. गावात सिग्नलला लागलेली रांग लांबली, तर फार तर मागच्या चौकात शिरते. इथे ती लांबली तर महामार्गाच्या पट्ट्यात उभी राहते, आणि तिच्या शेवटच्या गाडीमागे ताशी ८० च्या वेगाने ट्रक येत असतो.

महामार्गाच्या मुख्य पट्ट्यातून बाहेर पडून सर्व्हिस रोडला किंवा उड्डाणपुलाखालच्या चौफुलीला मिळणाऱ्या तिरक्या रस्त्याला इथे उतार म्हणू. लोक त्याला एक्झिट म्हणतात, कुणी रॅम्प म्हणतात. महामार्गावर चढतानाच्या तोंडाशी बसवतात तो सिग्नल निराळा. एकेक गाडी मोजून आत सोडणारा तसला सिग्नल शिकागोत १९६३ साली सुरू झाला. आपल्याला उतरणाऱ्या बाजूचं बघायचं आहे.

प्रश्न असा: उताराच्या टोकाला ९० सेकंद लाल दिवा आहे. तेवढ्या वेळात रांग किती लांब होईल?

पहिलं उत्तर कुणीही देईल. तासाला ६०० गाड्या उतरत असतील तर मिनिटाला १०, म्हणजे ९० सेकंदांत १५. थांबलेली गाडी पुढच्या मोकळ्या जागेसह साधारण ७ मीटर धरते. पंधरा साते एकशे पाच मीटर. उतार २५० मीटरचा असेल तर निम्म्याहून जास्त रिकामा राहिला, सगळं ठीक. बरेच जण इथेच थांबतात, आणि चूक इथेच होते.

या हिशेबात दोन गोष्टी सुटल्या. एक म्हणजे रांगेचं शेपूट येणाऱ्या गाड्यांच्या दिशेने सरकत असतं. गाडी पांढऱ्या थांबरेषेपर्यंत जातच नाही, ती अलीकडेच शेपटाला लागते. त्यामुळे ९० सेकंदांत शेपटाला लागणाऱ्या गाड्या १५ पेक्षा जास्त भरतात. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. हिरवा दिवा लागल्यावर रांगेतल्या सगळ्या गाड्या एकदम हलत नाहीत. पहिला हलतो, मग त्याच्या मागचा क्लच सोडतो, मग त्याच्या मागचा. चालू होण्याची ही बातमी गाडीगणिक मागे पोचते, आणि ती शेपटापर्यंत जाईतो मागून नवीन गाड्या येऊन थांबतच असतात.

या दोन्ही गोष्टींना वेग असतो आणि तो मोजता येतो. लाइटहिल आणि व्हिथम या दोन ब्रिटिश गणितज्ञांनी १९५५ साली हे मांडलं, पुढच्याच वर्षी रिचर्ड्स यांनी स्वतंत्रपणे तेच मांडलं. लाइटहिल-व्हिथम जोडीच्या कामाचा पहिला भाग लांब नद्यांतल्या पुराबद्दल होता आणि दुसरा गर्दीच्या रस्त्यांबद्दल. तापीकाठच्या माणसाला पूर आणि गर्दीची ही सांगड पटकन कळेल. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पुराचा फुगवटा खाली सरकत जातो. फुगवट्याचा वेग एक असतो आणि पाण्याचा वेग दुसरा, त्यामुळे फुगवटा तोच राहतो पण त्यातलं पाणी बदलत जातं. रस्त्यावर पाण्याच्या जागी गाड्या असतात आणि फुगवट्याच्या जागी रांगेचं शेपूट. गाड्या पुढे जातात, शेपूट मागे येतं.

सूत्र शाळेतल्या भागाकाराएवढं आहे. शेपटाचा वेग म्हणजे तासाला येणाऱ्या गाड्या भागिले दोन घनतांमधला फरक. घनता म्हणजे एका किलोमीटरमध्ये किती गाड्या आहेत तो आकडा. थांबलेल्या रांगेत किलोमीटरला १४० गाड्या मावतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणाऱ्या, तासाला ६०० गाड्यांच्या प्रवाहात किलोमीटरला १५ असतात. १४० वजा १५ म्हणजे १२५. ६०० भागिले १२५ म्हणजे ताशी ४.८ किलोमीटर, सेकंदाला साधारण १.३३ मीटर. रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगाने शेपूट महामार्गाकडे चालत येतं. लाल दिव्याच्या ९० सेकंदांत ते १२० मीटर मागे येतं.

आता हिरवा लागला. सुटणाऱ्या गाड्या एका पट्ट्यातून दर दोन सेकंदांना एक, म्हणजे तासाला १८०० या हिशेबाने बाहेर पडतात. ताशी ४० च्या वेगाला त्यांची घनता ४५. १४० वजा ४५ म्हणजे ९५. १८०० भागिले ९५ म्हणजे ताशी १९ किलोमीटर, सेकंदाला ५.२६ मीटर. हा सुटण्याच्या लाटेचा वेग. ती थांबरेषेपासून निघते आणि शेपटाचा पाठलाग करते. शेपूट १२० मीटर पुढे आहे आणि अजून सेकंदाला १.३३ मीटरने पळतं आहे. लाट दर सेकंदाला ३.९३ मीटरने जवळ येते. १२० भागिले ३.९३, म्हणजे साडेतीस सेकंद. तोवर शेपूट १६० मीटरवर गेलेलं असतं.

हा आकडा पुन्हा वाचावा असा आहे. हिरवा लागून अर्धं मिनिट झालं तरी मागे गाड्या येऊन थांबत आहेत. रांग सर्वांत लांब होते ती हिरव्या दिव्यात. चौफुलीवर उभ्या असलेल्या पोलिसाला समोर मोकळा वाहता रस्ता दिसतो, आणि त्याच क्षणी १६० मीटर मागे कुणीतरी करकचून ब्रेक दाबतो. मागून ठोकलेल्या गाडीचा चालक भांडताना म्हणतो ना, "सिग्नल तर हिरवा व्हता ना भो, मग पुढचा थांबला काबर?" पुढचा थांबला कारण सुटण्याची लाट अजून त्याच्यापर्यंत आलेली नव्हती.

आता २५० मीटरच्या उताराकडे परत येऊ. शेपूट १६० मीटरवर, म्हणजे मागे ९० मीटर रिकामे. महामार्गावर रांग आली नाही, मग अडचण काय? ताशी ८० ने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. समोर रांग दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरले तर ५५ मीटर गेले. नंतर बऱ्यापैकी जोराचा ब्रेक लावला तरी आणखी ७० मीटर लागतात. एकूण १२५. भरलेल्या ट्रकला ब्रेक हळू धरतो, त्याला १८० च्या आसपास. सावदा-रावेरकडून केळी भरून निघालेल्या ट्रकचा चालक एकदम जोरात ब्रेक मारायला आधीच नाखूष असतो, कारण घड घसरले तर माल काळा पडतो. म्हणजे उतार मोकळा दिसत असतानाही ९० मीटर पुरत नाहीत. उताराला वळण असेल किंवा कठड्याआड रांग झाकली जात असेल, तर ती दिसतेच उशिरा.

म्हणून हिशेब उलट्या बाजूने करायचा. २५० मधून ब्रेकचे १२५ वजा केले, उरले १२५. आपल्या आकड्यांत लाल दिव्याच्या प्रत्येक सेकंदामागे रांग शेवटी १.७८ मीटर होते (१६० भागिले ९०). १२५ भागिले १.७८ म्हणजे ७०. या उतारावर लाल दिवा ७० सेकंदांच्या वर नको. ट्रकचे १८० धरले तर उरतात ७० मीटर, आणि लाल दिवा ३९ सेकंदांवर येतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रवृत्ती याच्या उलट आहे. गर्दी वाढली की सिग्नलचा फेरा, म्हणजे एका लालपासून पुढच्या लालपर्यंतचा वेळ, १२० वरून १८० सेकंदांवर नेला जातो. गावातल्या चौकात त्याने थोडा फायदा होतो, कारण प्रत्येक बदलात पिवळा, सर्व बाजू लाल आणि गाड्या हलण्याचा उशीर मिळून तीन-चार सेकंद फुकट जातात आणि लांब फेऱ्यात असे बदल कमी होतात. उतारावर तोच उपाय शेपूट महामार्गावर ढकलतो.

हिरवाही पुरेसा लागतो. वरच्या उदाहरणात ९० सेकंद लालनंतर रांग पूर्ण संपायला ४५ सेकंद हिरवा हवा. तो ३० च दिला, तर १२० सेकंदांच्या फेऱ्यात २० गाड्या येतात आणि १५ जातात. पाच उरतात, म्हणजे दर फेऱ्याला ३५ मीटर शिल्लक. तीन फेऱ्यांत, सहा मिनिटांत, शेपूट महामार्गाला टेकतं. एखादी काळी-पिवळी किंवा ॲपे रिक्षा थांबरेषेजवळ प्रवासी भरायला उभी राहिली तरी हेच होतं, कारण दोन सेकंदांना एक सुटणारी गाडी तीन सेकंदांना एक सुटू लागते. उताराच्या तोंडाशी चहाची टपरी आणि थांबा असू नये याचं कारण हे आहे. ऊस किंवा कापूस भरलेला, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तर एकटाच दोन-तीन मोटारींची जागा घेतो आणि हलायलाही वेळ लावतो.

इथे एक बाजूची गोष्ट सांगायलाच हवी. एकाच ठिकाणी तीन-चार अपघात झाले की "जागा वाईट आहे, ती बळी मागते" असं बोललं जातं, नारळ फुटतात, लिंबू-मिरची बांधली जाते. सरकारी व्याख्येत महामार्गावरच्या सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर जखमांचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू झाले, की तो ब्लॅक स्पॉट ठरतो. जागा तीच का, याचं उत्तर वरच्या भागाकारात आहे. सिग्नलची वेळ तीच आणि संध्याकाळची गर्दीही तीच, म्हणून शेपूटही रोज त्याच खांबापाशी येतं. जागेचा दोष नाही. लाल दिव्याचे वीस सेकंद कमी करून तो खांब रिकामा करता येतो.

शेपूट कुठे आहे हे यंत्राला कळवायची जुनी, भरवशाची सोय म्हणजे रस्त्यात पुरलेली तारेची वेटोळी. उताराच्या मधोमध डांबरात करवतीने अरुंद खाच पाडतात, तारेचे तीन-चार वेढे देतात आणि वरून सील करतात. तारेतून उच्च वारंवारतेचा प्रवाह फिरतो. गाडीचा धातू वर आला की त्यात गोल फिरणारे वीजप्रवाह (भोवरे-प्रवाह) तयार होतात, वेटोळीचं प्रेरकत्व, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा तिचा विरोध, घटतं आणि वारंवारता वाढते. यंत्र हा फरक वाचतं. गाडीच्या वजनाशी याचा काही संबंध नाही, त्यामुळे थांबरेषेवर गाडी पुढे-मागे डोलवून सिग्नल लवकर मिळत नाही. मोटारसायकलमध्ये धातू कमी, म्हणून ती मधोमध उभी राहिली तर सुटू शकते. तारेच्या खाचेवर चाक ठेवलं तर पकडली जाण्याची शक्यता जास्त. उताराच्या मध्यावरची वेटोळी सलग काही सेकंद व्यापलेली राहिली, तर गाडी नुसती गेली नसून रांग लागली आहे असं यंत्र धरतं आणि चौफुलीच्या आडव्या रस्त्याचा हिरवा आटोपता घेऊन उताराला वेळ देतं. आडव्या रस्त्याचा किमान हिरवा, पिवळा आणि सर्व बाजू लाल यांना मात्र हात लावत नाही.

खानदेशात या तारेची एक अडचण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, डांबर मऊ होतं, आणि नेमक्या ब्रेक लागण्याच्या जागी ट्रकच्या चाकांनी चऱ्या पडतात. डांबर सरकलं की तार ताणते आणि तुटते. नंतर रस्त्याचा वरचा थर खरवडून नवा टाकताना उरलीसुरली तारही जाते. तार तुटली की बरीच यंत्रं "गाडी कायम उभी आहे" असं धरून चालतात, आणि उताराला दर फेऱ्यात पूर्ण हिरवा मिळत राहतो. शिवाय आपल्याकडे गाड्या पट्टा धरून चालत नाहीत. म्हणून इथे खांबावरचा रडार किंवा कॅमेरा बरा, किंवा वेटोळी काँक्रीटच्या तुकड्यात घालावी. "एआय सिग्नल" अशी जाहिरात दिसली, तर विचारायचा प्रश्न एकच: शेपूट बघणारं यंत्र थांबरेषेपासून किती मीटर मागे आहे? फक्त थांबरेषेवर डोळा असलेल्या यंत्राला मागची रांग दिसत नाही, मग संगणक कितीही हुशार असो.

पिवळ्या दिव्याबद्दल थोडक्यात. १९६० साली गाझिस, हर्मन आणि माराडुडिन यांनी दाखवलं की पिवळा कमी पडला, तर चालकाला थांबताही येत नाही आणि पारही होता येत नाही असा एक टप्पा रस्त्यावर तयार होतो. एक सेकंद विचाराचा, अधिक वेग भागिले ब्रेकच्या जोराची दुप्पट, असा हिशेब. ताशी ४० ला ३ सेकंद पुरतात, ताशी ६० ला पावणेचार ते चार लागतात. महामार्गावर तासभर ८० ने चाललेल्या माणसाला ६० म्हणजे सावकाश वाटतं, त्यामुळे फलकावर ४० लिहिलं असलं तरी पिवळा गाड्यांच्या खऱ्या वेगावर ठरवायला हवा.

उतारावरून उलट्या दिशेने महामार्गावर चढणाऱ्यांसाठी काटे बसवा, ही मागणीही ऐकू येते. ते काटे पार्किंगच्या फाटकावर, पायी चालण्याच्या वेगासाठी असतात. जड ट्रकखाली ते वाकतात, तुटतात, आणि योग्य दिशेने येणाऱ्याचंच टायर फाडतात. त्यापेक्षा "प्रवेश बंद"चा फलक कमी उंचीवर लावावा, म्हणजे रात्री हेडलाइटच्या झोतात तो आधी येतो. उलट बाजूने लाल चमकणारे रिफ्लेक्टर रस्त्यात बसवावेत. आणि मुळात लोक उलटे का येतात ते बघावं. बहुतेक वेळा दुभाजकातला पुढचा कट दोन-तीन किलोमीटर लांब असतो.

शेपटासाठी आणखी एक उपाय म्हणजे उताराच्या शेवटच्या ७०-८० मीटरमध्ये एक पट्टा वाढवणं. त्यात गाड्या दोन रांगांत मावतात आणि हिरव्यात दुपटीने सुटतात. जोडीला "पुढे रांग" असा, रांग असतानाच लुकलुकणारा पिवळा दिवा महामार्गावर उतार सुरू होण्याआधी हवा. दिवसरात्र लुकलुकणाऱ्या दिव्याकडे आठवड्याभरात कुणी बघत नाही.

हे सगळं मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तपासता येतं. सर्व्हिस रोडच्या कडेला, महामार्गापासून दूर, सुरक्षित जागी संध्याकाळच्या गर्दीत उभं राहायचं आणि दहा फेरे बघायचे. प्रत्येक फेऱ्यात तीन नोंदी: लाल किती सेकंद, शेवटची गाडी कोणत्या खांबापाशी थांबली, आणि ती हिरवा लागल्यावर किती सेकंदांनी थांबली. खांबापासून थांबरेषेपर्यंतचं अंतर पावलांनी मोजायचं, ते उताराच्या लांबीतून वजा करायचं. उरलेलं अंतर १२५ मीटरपेक्षा कमी आलं, तर तक्रारीत "सिग्नल बसवा" किंवा "सिग्नल काढा" असं न लिहिता हे आकडे लिहावेत, किलोमीटरच्या दगडावरच्या आकड्यासह. राष्ट्रीय महामार्गांची मदतवाहिनी १०३३ आहे.